मातीची तपासणी आणि कोरडवाहू कास्तकार

वऱ्हाडची काळी जमीन कसदार आहे, हे विधान इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, तिच्यावर कापूस पेरणाऱ्याचे दारिद्र्य हे त्याच्या अडाणीपणाचे फळ आहे, असे शहरातील सुशिक्षितांना सहज पटते. मातीचे रसायनशास्त्र मात्र निराळी साक्ष देते.

या जमिनीत चुनखडी भरपूर आणि सामू बहुधा आठाच्या पुढे. त्यामुळे उधारीवर आणलेल्या खतातील स्फुरद चुन्याशी बांधले जाते व मुळांना दुष्प्राप्य होते. जस्ताचीही तीच गत. ओलसर मातीवर युरिया नुसता फेकला आणि पाऊस लांबला, तर त्यातील नत्राचा काही अंश अमोनिया होऊन उडून जातो. बागायतदार लगेच पाणी देऊन नत्र मुळांपर्यंत पोहोचवू शकतो. कोरडवाहू कास्तकार आभाळाकडे पाहत राहतो. पोते दोघांनाही एकाच किमतीला मिळते. त्यातून पिकाच्या पदरात पडणारे नत्र मात्र सारखे नसते. पुढे पऱ्हाटीची पाने लाल होतात. हा ‘लाल्या’ पुष्कळदा अन्नद्रव्यांची, विशेषतः नत्र व मॅग्नेशियमची, उपासमार असते. पण कास्तकाराला त्यावर विकली जाते ती फवारणीची बाटली!

पाणी आले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्टा याची साक्ष आहे. कोरड्या हवामानात मातीतील कॅल्शियम चुनखडी होऊन बसते आणि चिकणमातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पावसाचे पाणी वरच साचते. जमीन चोपण होते, आणि तीही कालव्याचा थेंब न पाहता! त्यात विहिरीचे खारे पाणी दिले की दुखणे बळावते. उपाय ठाऊक आहे: सोडियमला हुसकावणारे जिप्सम आणि निचऱ्याचे चर. परंतु जिप्सम पोत्यांच्या नव्हे, टनांच्या हिशेबाने लागते.

आता शासनाने काय मोजले ते पाहावे. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. मातीचा एक नमुना बागायतीत अडीच हेक्टरांमागे आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांमागे घ्यावा, असे तिने ठरविले. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर! तेवढ्यात वरच्या अंगाला मुरमाड बरड आणि खाली नाल्याकाठी खोल काळी, अशा दोन्ही जमिनी असू शकतात. ज्याच्याकडे चूक सुधारायला पाणी नाही, त्यालाच चौपट ढोबळ सल्ला! पत्रिकेत बारा रकाने आहेत. त्यांत मातीच्या कणांवरील सोडियमचा एकही नाही. मातीची खोली किंवा ओल धरण्याची शक्तीही नाही. सामूवरून तज्ज्ञाला संशय येईल. कास्तकाराने तो कसा ओळखावा?

खताच्या अनुदानाची दिशाही अशीच. २०१० साली अन्नद्रव्याधारित अनुदान आले तेव्हा युरिया त्यातून वगळला गेला. तो स्वस्त राहिला, स्फुरद-पालाश महागले, आणि अडचणीतला कास्तकार परवडेल तेच पोते उचलू लागला.

खारपाण पट्ट्यात सोडियमची तपासणी आणि चरांचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, तसेच कोरडवाहू शेताचा नमुना निदान बागायतीइतका बारकाईने घ्यावा, या मागण्या किसान चळवळीने लावून धरल्या पाहिजेत. त्यांत मक्तेदार कास्तकाराचाही विचार हवा. पुढच्या वर्षी तीच जमीन हाती राहील याची खात्री नसलेला माणूस दुसऱ्याच्या शेतात टनावारी जिप्सम टाकणार नाही. त्यासाठी मक्त्याची मुदत कायद्याने बांधून घ्यावी लागेल.