भुवया: खऱ्या आणि कोरलेल्या

लग्नसराई आली कीं सोलापुरांतील ब्यूटी पार्लरांत भुवया नीट करून घेणाऱ्यांची गर्दी उडते. पूर्वीं हें काम दोऱ्यावर भागत असे. आतां त्याच्या जोडीला मायक्रोब्लेडिंग आलें आहे. बारीक सुयांच्या पात्यानें कातडींत केंसांसारख्या रेघा ओढावयाच्या व त्यांत रंग भरावयाचा, अशी ही कला. रंग कायमचा राहतो, धोका कांहींच नाहीं, अशी तिची कीर्ति श्रोत्यांच्या कानांवर आली असेलच. या कीर्तींत खरें किती आणि पदरचें किती?

ही कला वाटते तितकी नवी नाहीं. ज्या घरांतील नात आज हजारों रुपये मोजून भुवया कोरून घेते, त्याच घरांतील पणजीच्या कपाळावर गोंदण असे. काजळीच्या रंगांत सुई बुडवून जत्रेंतील गोंदणारीण तें काढी. तत्त्व दोहोंचें एकच. मात्र गोंदण आमरण टिकतें, तर मायक्रोब्लेडिंगचा रंग उथळ बसत असल्यानें एकदोन वर्षांत विटूं लागतो. तेव्हां ‘कायमचा’ हा शब्द खोटा. आणि ‘नाहीं आवडलें तर जाईल पुसून’ हें आश्वासनही अर्धेंच खरें. रंग सगळा जाईलच असें नाहीं, व उरेल तो मूळचा राहील असेंही नाहीं. पणजीचें गोंदण काळ्या काजळीचें असून हिरवट निळें कां दिसे? काळे कण कातडीखालीं असले कीं वरच्या कातडींतून निळा प्रकाश अधिक विखुरून परत येतो, म्हणून. तपकिरी भुवईही कालांतरानें अशीच करडी दिसूं लागते, किंवा रंगांतील लोहामुळें तांबूस होते. ती लेसरनें काढावयास जावें, तर लोहाचे कांहीं रंग त्यानें उलट काळेच पडतात! हें आगाऊ सांगणारा दुकानदार विरळा.

सुईच्या बाबतींत भीड धरूं नये. एकाची सुई दुसऱ्यास लागली तर ‘बी’ आणि ‘सी’ या जातींची कावीळ रक्तावाटे पसरूं शकते. नव्या सुईचें पाकीट डोळ्यांदेखत फोडावयास लावावें. उलट, वस्तऱ्यानें केंस दाट येतात ही समजूत निराधार आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन विदुषीनें १९२८ सालीं दाढीचे केंस मोजूनच ती खोडून काढली. वर्षानुवर्षें उपटलेले केंस मात्र पुढें उगवेनासे होतात.

परंतु खरा प्रश्न पार्लरांत कोणी विचारीत नाहीं: भुवई विरळ झालीच कां? ती बाहेरच्या टोकाकडून झडूं लागली असेल, तर थायरॉइड ग्रंथि मंद झाली असण्याचा संभव असतो. कुष्ठरोगाच्या एका प्रकारांतही भुवया अशाच झडतात. घरोघरीं ज्याचें नांव काढीत नाहींत त्या रोगाची ही खूण. तिच्यावर रंगाची रेघ ओढली कीं खूण झांकते, रोग वाढतच राहतो. हा रोग आज औषधांनीं पुरता बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८२ सालीं पुरस्कारिलेली संयुक्त औषधयोजना सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. म्हणून पार्लराच्या आधीं त्वचारोगतज्ज्ञाची पायरी चढावी.

रोग बरा झाला तरी गेलेली भुवई आपोआप येत नाहीं, आणि भुवईवांचूनच्या चेहऱ्याला समाज लवकर जवळ करीत नाहीं. केशरोपणाची आजची महागडी शस्त्रक्रिया कांहीं अंशीं या दुःखांतूनच वाढली. जपानांत ओकुदा यांनीं १९३९ सालीं केशरोपणाची पद्धति वर्णिली, व फुजिता यांनीं १९५३ सालीं ती कुष्ठरुग्णांच्या भुवयांसाठीं वापरली. आपल्याकडे पुण्याजवळ कोंढव्यास डॉ. नोशीर अंतिया यांनीं कुष्ठरुग्णांच्या हातांवर व चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया करण्याचें काम हातीं घेतलें. डोक्यावरील केंसांचा तुकडा भुवईच्या जागीं बसवितात. तो रुजतो, आणि डोक्यावर वाढे तसा तेथेंही वाढत राहतो. त्यामुळें अशी भुवई लाभलेल्यास दर कांहीं आठवड्यांनीं आरशापुढें उभें राहून ती कात्रीनें कापावी लागते.