गरोदरपणी अंगावरून पांढरं जातंय? मनात ठेवू नका

आज आपण एका अवघड दुखण्याबद्दल बोलू. आम्ही बचत गटांच्या बैठकांना जातो, तेव्हा हे कुणी मोठ्यानं सांगत नाही. बैठक उठल्यावर एखादी हळूच म्हणते, "ताई, अंगावरून पांढरं जातंय." ती गरोदर असली तर घरात उत्तर तयार असतं, "या दिवसांत असं व्हायचंच."

हे निम्मं खरं आहे. गरोदरपणी पांढरं पाणी थोडं जास्त जातं. त्याला घाण वास नसेल, खाज किंवा आग नसेल तर घाबरायचं कारण नाही. पण पाणी पातळ, राखाडी-पांढरं असेल आणि मासळीसारखा वास येत असेल, तर जंतूंचा त्रास असू शकतो. डॉक्टर त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात.

आपल्या योनिमार्गात चांगले जंतू असतात, दुधाचं दही करणाऱ्या जंतूंचे भाऊबंदच म्हणा ना. ते तिथं आंबटपणा टिकवतात आणि राखण करतात. राखणदार कमी झाले की दुसऱ्या जंतूंचं फावतं.

ते कमी कशानं होतात? वास येतो म्हणून आपण साबण, जंतुनाशक औषध आत घालून धुतो. त्यानं राखणदारच वाहून जातात. बाहेरून साध्या पाण्यानं धुवा, आतून नको. विडी-सिगारेट ओढणं, नवा जोडीदार किंवा एकापेक्षा जास्त जोडीदार असणं, यानंही धोका वाढतो. पण एकाच नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईलाही हा त्रास होतो. म्हणून कुणी कुणावर संशय घेऊ नये.

हा त्रास असलेल्या बायकांत ३७ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचा, पाण्याची पिशवी लवकर फुटण्याचा आणि बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका जास्त असतो. प्रत्येकीचं तसं होतं असं नाही, पण वेळेत दाखवलेलं बरं. गरोदरपणी चालणाऱ्या गोळ्या आहेत. त्या डॉक्टरांनी दिलेल्याच घ्या आणि पूर्ण घ्या. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या नकोत.

आशाताईंना सांगा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची मोफत तपासणी होते. तिथं हे स्वतःहून बोला. पाणी एकदम गळायला लागलं, रक्त गेलं, ताप आला किंवा दिवस भरण्याआधी पोटात कळा आल्या, तर ९ तारखेची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.

सासूबाईंनो, तुम्हीही ऐकताय ना? सून लाजेल, सांगणार नाही. तुम्हीच विचारा, "वास येतो का गं? खाज आहे का?" आणि ९ तारखेला तिच्यासोबत जा.