न पाहता घेतलेली मोटार
(भाषणाचा पाठ)



ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, गुजरी महालाकडून चढण सुरू होण्यापूर्वी, किला गेट हा जुन्या वस्तीचा भाग लागतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ कायम केला आणि त्या तळाचेच पुढे 'लष्कर' नावाचे शहर झाले. तेव्हापासून ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांचा पुणे-सातारकडील सोयऱ्याधायऱ्यांशी असलेला संबंध तुटलेला नाही. पूर्वी या वाटेने लग्नपत्रिका, लोणच्याच्या बरण्या आणि दिवाळी अंक येत असत. आता मोबाइलच्या पडद्यावर छायाचित्र पाहून ठरविलेल्या जुन्या मोटारीही येऊ लागल्या आहेत.

उदाहरणादाखल किला गेट येथील एक निवृत्त गुरुजी कल्पावे. भविष्य निर्वाह निधीतून त्यांनी तीन-साडेतीन लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. पत्नीचे गुडघे दुखतात, मुलगी झाशीस राहते, आणि बसचा प्रवास आता झेपत नाही. पुण्यातील एका मोटारीची जाहिरात त्यांना इंटरनेटवर दिसते. पांढरा रंग, एकाच मालकाने वापरलेली, चाळीस हजार किलोमीटर चाललेली. ग्वाल्हेरमधील भावापेक्षा किंमत पाऊण लाखाने कमी. छायाचित्रात गाडी लखलखीत दिसते. विकणाऱ्याचा आवाज सभ्य आहे, शिवाय तो मराठीत बोलतो, आणि परगावी आपली भाषा कानावर पडली की निम्मा संशय तेथेच गळून पडतो.

हेच गुरुजी शेतकऱ्याचे पुत्र असतील, तर त्यांच्या वडिलांनी बैल कसा घेतला असता याचे स्मरण करावे. बैल दोनदाती आहे की चारदाती, हे ओठ उचलून पाहिल्याशिवाय बाजारात पुढची बोलणी होत नसत. मग त्याची चाल पाहावयाची, खांदा चाचपावयाचा, जमल्यास जुंपून पाहावयाचे. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरे तो त्यानंतर. त्या पिढीला लिहितावाचता येत नव्हते असे आपण सहज म्हणतो, परंतु न पाहिलेल्या बैलाचा पैसा तिने दिला नसता.

असे असले तरी न पाहता वस्तू घेणे मुळातच गैर आहे असे कायदा मानीत नाही. या बाबतीतील एक जुना इंग्रजी खटला शेतकऱ्यांना विशेष समजण्यासारखा आहे. पीक कापून त्याच्या पेंढ्या बांधणारे एक वापरलेले यंत्र एका खरेदीदाराने न पाहता घेतले होते. यंत्र गेल्याच वर्षी नवे घेतलेले असून त्याने केवळ पन्नास-साठ एकर पीक कापले आहे, असे विकणाऱ्याने सांगितले होते. प्रत्यक्षात यंत्र आले ते पुष्कळच जुने निघाले. खरेदीदाराने ते परत पाठविले. १९०० साली न्यायालयाने निर्णय दिला की, खरेदीदाराने वस्तू पाहिलेली नसून केवळ वर्णनावर विसंबून सौदा केला असेल, तर वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. न जुळल्यास ती नाकारण्याचा त्यास अधिकार आहे.

आपल्याकडील १९३० च्या माल विक्री कायद्यात हेच तत्त्व कलम १५ मध्ये आले आहे. कलम ४१ प्रमाणे, आधी न पाहिलेला माल हाती आल्यावर तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने माल स्वीकारला असे मानले जात नाही. पण मधले कलम १६ विसरून चालत नाही. काही अपवाद सोडता, वस्तूच्या दर्जाबद्दल वा उपयुक्ततेबद्दल विकणाऱ्यावर आपोआप कोणतीही हमी पडत नाही, असे ते सांगते. याचा व्यवहारातील अर्थ असा की, जे वर्णन झाले तेवढ्यापुरतेच विकणाऱ्यास धरता येते. 'गाडी एकदम मस्त आहे' हे वर्णन नव्हे. निर्मितीचे वर्ष, कितवा मालक, किलोमीटरचा आकडा, अपघात झाला होता किंवा नाही, इंजिन उघडले होते किंवा नाही, हे वर्णन होय. आणि ते तोंडी न राहता लेखी असावे. जाहिरात पुढे काढून टाकली जाते, म्हणून तिची प्रत पहिल्याच दिवशी जपून ठेवावी. गुरुजींनी पाच प्रश्न लिहून पाठवावेत आणि उत्तरेही लेखी मागावीत. जो विक्रेता दूरध्वनीवर तासभर बोलतो पण दोन ओळी लिहून देत नाही, त्याच्याबद्दल आणखी चौकशी करण्याची फारशी गरज उरत नाही.

आता कागदपत्रांकडे वळले पाहिजे, कारण परराज्यातून येणाऱ्या गाडीचा खरा गुंता तेथे असतो. मोटारीचा पैसा दिला आणि किल्ली हाती आली म्हणजे मालकी झाली, असा समज खेड्यात आहे आणि शहरातही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या दृष्टीने मालक तो, ज्याचे नाव नोंदणीत आहे. गाडी महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात न्यावयाची तर मूळ प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये होतो. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० लागतात. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर तारणबोजा उतरल्याचा नमुना ३५ बँकेच्या सहीशिक्क्यानिशी हवा. कर्ज फिटले आहे, कागद मागाहून पाठवितो, असे सांगण्यात येते. तो कागद आल्यानंतरच पैसा द्यावा. कलम ५० प्रमाणे खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत आपल्या भागातील कार्यालयास हस्तांतरण कळवावयाचे असते.

कराचा प्रश्न निराळा. पुण्यात गाडी घेतली तेव्हा मूळ मालकाने महाराष्ट्राचा कर एकरकमी भरलेला असतो. गाडी ग्वाल्हेरच्या एमपी ०७ मालिकेत यावयाची तर मध्य प्रदेशाचा कर भरावा लागतो. उरलेल्या मुदतीचा महाराष्ट्राचा कर परत मागण्याची सोय आहे, परंतु तो कोणी मागावयाचा व कोणी ठेवावयाचा हे सौद्यातच ठरले पाहिजे. गुरुजींना दिसलेला पाऊण लाखाचा फायदा हा कर, वाहतुकीचे भाडे आणि विम्याचे हप्ते वजा केल्यावर किती उरतो, हा हिशेब शाळेतील मुलालाही घालता येईल. पुष्कळ वेळा उत्तर शून्याच्या जवळ येते.

विकणाऱ्यानेही हस्तांतरणाबाबत तितकीच घाई केली पाहिजे. २००७ साली विकलेली एक गाडी हातोहात तीन-चार जणांकडे फिरली. २००९ मध्ये तिच्या अपघातात जीवितहानी झाली, तेव्हा कागदोपत्री पहिल्याच मालकाचे नाव होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर ठेवली. गाडी आपल्याकडे दोन वर्षे नव्हती, हे त्याचे म्हणणे खरे होते, पण ते उपयोगी पडले नाही. केवळ सहीचे कोरे कागद देऊन गाडी परराज्यात रवाना करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गाडी स्वस्त का आहे, हा प्रश्न विचारण्यास लोक संकोचतात. स्वस्ताईला कारण असते आणि ते कारण बहुधा गाडी जेथून आली त्या गावात सापडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१५ मध्ये चेन्नईत पूर आला. अशा प्रसंगी बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून, जेथे पुराची कल्पनाही नाही अशा गावी विकल्या जातात. छायाचित्रात पूर दिसत नाही. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढला तर पाण्याची रेषा दिसते, पायाखालची चटई उचलली तर बारीक गाळ सापडतो, आसनाखालचे बोल्ट गंजलेले असतात, आणि कुबट वास अत्तराने झाकला तरी दोन दिवसांनी वर येतो. यांपैकी वास सोडून बाकी सर्व चलच्चित्रावर दाखविता येते, मात्र ते दाखविण्यास विकणाऱ्यास सांगितले पाहिजे.

दिल्लीकडील गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. ग्वाल्हेरपासून दिल्ली सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांस राजधानी क्षेत्रात मनाई करणारा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश २०१५ चा. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१८ मध्ये उचलून धरला. २०२५ मध्ये या मनाईत शिथिलता आली, तरी दरम्यानच्या काळात तेथील कितीतरी गाड्या आसपासच्या राज्यांत उतरल्या. अशी गाडी वाईटच असते असे नाही. पण पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, आणि वीस वर्षांपुढील मोटारींसाठी २०२५ मध्ये ते दहा हजार झाले, हे खरेदीपूर्वी माहीत असावे.

जुन्या गाड्यांची हौस असणारा एक वर्ग आहे. त्याला ॲम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी हवी असते, आणि या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी पंचवीस वर्षांपूर्वीच बंद झाली. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. जाहिरातीतील 'घरगुती वापराची' पद्मिनी पूर्वी टॅक्सी होती काय, हे नोंदणीत पाहावे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने वेगळे नियम केले. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली किंवा देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तीतून रोज बाजाराला जाण्याची कल्पना असेल तर ती सोडून द्यावी.

येथवर ज्या विक्रेत्यांचा विचार झाला, त्यांच्याकडे निदान गाडी तरी असते. ज्याच्याकडे गाडीच नाही असा विक्रेता अधिक घातक. त्याची पद्धत अनेक शहरांच्या पोलिसांनी वेळोवेळी प्रसिद्ध केली आहे. तो स्वतःस सैन्यातील जवान म्हणवितो. बदली झाली आहे, गाडी नेता येत नाही, म्हणून निम्म्या किमतीत देतो, असे सांगतो. ओळखपत्राचे छायाचित्र पाठवितो. ते कोणा दुसऱ्याच्याच ओळखपत्राचे असते. ग्वाल्हेरला मोरार छावणीचा शेजार असल्याने ही कथा येथे सहज पटते, आणि गणवेशाविषयी लोकांच्या मनात असलेल्या आदराचाच त्यात वापर होतो. प्रथम थोडी रक्कम वाहतुकीसाठी, मग कर, मग छावणीच्या फाटकातून गाडी बाहेर काढण्याचा दाखला, मग परत मिळणारी अनामत. प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेस वाचविण्यासाठी मागितली जाते. पैसे परत करतो असे सांगून क्यूआर कोड पाठविला जातो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि गुप्त क्रमांकही टाकावा लागत नाही, एवढे घरातील प्रत्येकास ठाऊक हवे. फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम पुढे जाण्याआधी अडविण्याची शक्यता असते. लाजेखातर चार दिवस गप्प बसणाऱ्यांची ही शक्यताही जाते, आणि सुशिक्षितांत असे लोक अधिक असतात.

मग गुरुजींनी काय करावे? पुण्यात त्यांचा भाचा आहे. त्याला रविवारची सकाळ मोडावयास लावावी आणि सोबत गॅरेजमधील एक मिस्त्री द्यावा. मिस्त्रीची मजुरी ही या सौद्यातील सर्वांत फायद्याची रक्कम होय. इंजिन रात्रभर थंड असताना चालू करून पाहावे. निळसर धूर निघाला तर तेल जळत आहे, पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी जळत आहे. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या पायपट्ट्यांचे रबर गुळगुळीत झालेले नसते. टायरवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. चासी क्रमांक स्वतः वाचून नोंदणी पुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहावा, कारण ग्वाल्हेरच्या कार्यालयात त्याचा पेन्सिलीने घेतलेला ठसा मागितला जाईल आणि एक आकडा जरी निराळा निघाला तरी गाडी अंगणातच राहील. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणीची माहिती व थकलेले दंड घरबसल्या पाहता येतात. भाच्यास वेळ नसेल, किंवा विक्रेता पाहू देत नसेल, तर तो सौदा गुरुजींनी करू नये. व्यापाऱ्याकडून घ्यावयाची असेल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांस परिवहन विभागाचे अधिकारपत्र घ्यावे लागते, ते मागून पाहावे.

सर्व ठरले, भाच्याने होकार दिला, पैसा बँकेमार्फत गेला, आणि एके संध्याकाळी मालमोटारीवरून गाडी किला गेटच्या नाक्यावर उतरली, असे समजावे. चालकास पुढे जावयाची घाई असते. तो पावती पुढे करतो. तीवर 'माल सुस्थितीत मिळाला' असे छापलेले असते. गुरुजींनी दिवा मागवावा, गाडीभोवती एक फेरी घालावी, ओरखडा वा पोच दिसल्यास चालकासमोर छायाचित्र घ्यावे, आणि सही करण्यापूर्वी त्या छापील ओळीखाली आपल्या हाताने लिहावे: 'तपासणी न करता ताब्यात घेतली.' चालक कुरकुर करील. त्यास चहा द्यावा, पण ती ओळ खोडू नये.