लोणारच्या विवराचें शैक्षणिक मोल

एखाद्या स्थळाचें मोल ठरवितांना त्याची प्राचीनता, त्याचें सौंदर्य किंवा त्याचें पावित्र्य पाहण्याचा प्रघात आहे. भूशास्त्रीय वारशाच्या स्थळास याखेरीज आणखी एक कसोटी लावावी लागते: तें स्थळ काय शिकवितें, आणि किती काळ शिकवूं शकेल? ही कसोटी बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवरास लावून पाहणें उद्बोधक आहे.

हें सरोवर ज्या विवरांत आहे तें सुमारें १.८ किलोमीटर रुंद असून काळ्या बेसॉल्ट खडकांत कोरलेलें आहे. विष्णूनें लवणासुराचा वध येथेंच केला, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें या विवराची नोंद केली. सारा दख्खन लाव्हारसानें घडलेला. तेव्हां हें ज्वालामुखीचेंच मुख असावें, असें पुष्कळ वर्षें मानलें गेलें. तर्क सरळ होता, पण तो टिकला नाहीं. येथील खडकांतील कांहीं स्फटिक न वितळतांच कांचेसारखे झालेले आढळले. असा पालट प्रचंड आघातावांचून घडत नाहीं. १९७३ सालीं भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं हा पुरावा मांडला, आणि अशनिपाताचें मत दृढ झालें.

विद्यार्थ्याच्या दृष्टीनें लोणारचें पहिलें मोल हेंच. सहज सुचलेलें उत्तर पुराव्यापुढें कसें मागें सरतें, हें तो येथें प्रत्यक्ष पाहतो. वयाचा प्रश्न तर याहूनहि बोधप्रद आहे. एका पद्धतीनें विवराचें वय सुमारें ५२ हजार वर्षें निघालें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-पद्धतीच्या मापनानें तें सुमारें ५ लाख ७० हजार वर्षें ठरलें. दोहोंत दसपटीहून अधिक अंतर! मापन म्हणजे काय, याची चर्चा वर्गांत सुरू करण्यास याहून चांगलें निमित्त कोणतें?

दुसरें मोल विविधतेचें. विवराच्या कांठावर लाव्ह्याचे थर बाहेरच्या बाजूस कललेले दिसतात. आघाताची ही खूण साध्या डोळ्यांनीं पाहतां येते. कांठालगत गोड्या पाण्याची धार वाहते, तर तळांतील पाणी खारट व क्षारयुक्त आहे. २०२० च्या जून महिन्यांत तें गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें त्याचें कारण मीठ मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांत शोधलें. चंद्रावरील काळसर मैदानेंहि बेसॉल्टचींच असल्यानें लोणारचा अभ्यास थेट आकाशापर्यंत पोहोंचतो.

मात्र मूल्यमापन म्हणजे स्तुति नव्हे. निर्णायक पुरावा सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीं, आणि उतारावरील झाडोरा पुष्कळ थर झांकून टाकतो. जाणत्या शिक्षकावांचून आलेला विद्यार्थी एक सुंदर तळें पाहून परत जाईल. म्हणून स्थळाच्या गुणांबरोबर तेथें शिकविण्याची सोयहि मोजली पाहिजे.

याहून गंभीर प्रश्न टिकाऊपणाचा आहे. देवालयाची भिंत ढांसळली तर ती पुन्हां उभारतां येते. कललेला थर फोडला कीं त्याची साक्ष कायमची गेली. सहलीस आलेल्या प्रत्येक मुलानें आठवण म्हणून एकेक खडा उचलला, तर शिक्षणच शिक्षणाच्या साधनाचा नाश करील. २०२० सालीं लोणारला रामसर स्थळांच्या यादींत स्थान मिळालें. पण यादीनें खडा जागेवर राहत नाहीं. नमुने शाळेच्या कपाटांत एकदांच, परवानगीनें आणून ठेवावे आणि स्थळावर हातोडी नेऊं नये, हा धडा भूशास्त्राच्या पहिल्या पाठाआधीं द्यावयास हवा.

लोणारला किती लोक आले, हा आंकडा सहज मिळतो. किती विद्यार्थी तेथून नवा प्रश्न घेऊन परतले, हें मोजणें कठीण आहे. तथापि स्थळाचें खरें शैक्षणिक मोल त्याच हिशेबावर ठरावयाचें आहे.