चुलीचा धूर आणि माउलीचा श्वास
(समाजाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आजच्या सभेत शिष्यवृत्ती, वसतिगृह व विवाहखर्च यांचा ऊहापोह झाला, तो योग्यच होय. परंतु घरोघरी पहाटे ऐकू येणाऱ्या खोकल्याविषयी कोणी बोलले नाही. ‘वय झाले’ किंवा ‘जुना दमा आहे’ एवढे म्हणून आपण तो विषय संपवितो, आणि उपचाराची मोलाची वर्षे वाया जातात.

या विकारास वैद्यकशास्त्रात ‘सीओपीडी’ म्हणतात. वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका सुजून अरुंद होतात आणि फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोश नष्ट होतात. दम्याचा झटका येतो व ओसरतो. येथे अडथळा कायमचा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेनुसार २०२१ साली या रोगाने जगात सुमारे ३५ लक्ष माणसे दगावली.

विडी-सिगारेट हे कारण सर्वश्रुत आहे. पण जिने जन्मात विडीला हात लावला नाही, त्या माउलीस हा रोग का व्हावा? पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याच प्रश्नाचा परामर्श घेतला. लाकूड, गोवऱ्या व काडीकचरा यांचा धूर हे धूम्रपान न करणाऱ्यांतील या रोगाचे मोठे कारण होय, असे त्यांनी दाखविले. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत आपल्या वाशीम जिल्ह्यात पऱ्हाट्या व तुराट्या हे पिढ्यानुपिढ्यांचे सरपण आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, सिलिंडर घरी आले. तरी आंघोळीच्या पाण्यासाठी चूल अनेक घरी पेटतेच.

निदानाची परीक्षा साधी आहे. ‘स्पायरोमेट्री’च्या नळीत रोग्याने जोराने फुंकावयाचे असते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या सात-दशांशाहून कमी भरली, तर वैद्य लक्षणे पाहून निदान करतात.

नष्ट झालेले वायुकोश परत येत नाहीत. पण धूर व विडी थांबविल्यास ऱ्हास मंदावतो. औषधाचा पंप हा मुख्य उपचार. ‘पंपाची सवय लागते’ हा निव्वळ भ्रम आहे. त्यातील औषध अल्प मात्रेत थेट श्वासनलिकांत पोहोचते. तो ओढण्याची रीत वैद्याकडून शिकून घ्यावी, आणि बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये. ओठ शीळ घातल्यासारखे करून हळूहळू श्वास सोडावा, झेपेल तेवढे रोज चालावे, आणि इन्फ्लुएन्झा व न्यूमोनियाच्या लसींविषयी वैद्यास विचारावे. थुंकीचा रंग पालटला व धाप वाढली तर वैद्याकडे जाण्यास विलंब नको. ओठ निळसर झाले, बोलता बोलता धाप लागून वाक्य तुटू लागले किंवा रोगी गुंगू लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

बंधूंनो, सोयरिकीत विघ्न येईल या भयाने पंप पदराआड लपविला जातो. हा रोग संसर्गाने पसरत नाही. त्यात लाज कसली? उंबरठ्यापर्यंत येताना जिला धाप लागते, तिने आपल्या सर्वांच्या भाकरी त्या धुरात बसून भाजल्या आहेत. तिला तपासणीस नेणे हा उपकार नव्हे. ते आपले ऋण आहे. पुढील संमेलनापूर्वी प्रत्येक कुटुंबाने ते फेडावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.