विरळ वस्ती आणि पाणी



शिरोलीची औद्योगिक वसाहत रस्ता व पाणी यांच्या सोयीवर उभी आहे. जवळून वाहणाऱ्या पंचगंगेस मिळणारी कुंभी नदी गगनबावड्याच्या डोंगरांतून येते. हा तालुका जिल्ह्यात सर्वांत पावसाळी; परंतु २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अवघी ३५,७७२ होती.

इतका पाऊस पडूनही डोंगरावरील वाड्यांना उन्हाळ्यात टंचाई का भासावी? उतारावरील पाणी वेगाने वाहून जाते. जांभ्यात मुरलेले पाणीही झऱ्यांवाटे लवकर ओसरते. घरे विखुरलेली असल्याने थोड्या कुटुंबांसाठी लांबवर नळ न्यावा लागतो व दरडोई खर्च वाढतो. तथापि २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ठरविलेल्या माणशी रोज ५५ लिटर पाण्यावर वाडीचाही तितकाच हक्क आहे.

पाच माणसांच्या घरास २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या एकोणीस घागरी लागतात. विद्यार्थ्यांकडून गणिताच्या तासाला झऱ्याचे अंतर व रोजच्या खेपा यांची नोंद करवून घ्यावी आणि ती ग्रामसभेपुढे ठेवावी. उन्हाळ्यात एखादी मुलगी वारंवार गैरहजर राहू लागली, तर तिला बोल लावण्यापूर्वी शिक्षकाने तिच्या घरापासून पाणी किती दूर आहे, हे विचारावे.