धुतलेल्या कोळशाची राख

दिल्लीच्या परिसरात कोळशाची खाण नाही. बदरपूरचे वीजकेंद्र १९७३ साली सुरू झाले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद पडले. तोवर त्याला लागणारा कोळसा पूर्वेकडील दूरच्या खाणींतून रेल्वेने येत असे. दादरीच्या केंद्राकडे तो आजही तसाच येतो. मात्र या कोळशाबरोबर राखही प्रवास करीत असते. भारतीय कोळशात तिचे प्रमाण पुष्कळदा शेकडा ३५ ते ४५ असते.

हे प्रमाण कमी करण्याचा उपाय म्हणजे कोळशाची धुलाई. मॅग्नेटाइटची बारीक पूड पाण्यात मिसळून जड द्रव तयार करतात. हलका कोळसा त्यावर तरंगतो, जड दगड तळाशी जातो. नंतर चुंबकाच्या साहाय्याने ती पूड परत मिळविली जाते. युक्ती सोपी असली, तरी गोंडवन कालखंडातील कोळशात मातीचे कण इतके एकजीव झालेले आहेत की, दगड वेगळा झाला तरी कणांत मुरलेली राख सुटत नाही.

खाणीपासून एक हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या वीजकेंद्रांनी शेकडा ३४ पेक्षा अधिक राखेचा कोळसा वापरू नये, असा नियम केंद्र शासनाने १९९७ साली केला. झारखंडमधील पिपरवार येथे धुतलेला कोळसा दादरीला जाऊ लागला. हे बंधन मे २०२० मध्ये उठविण्यात आले.

या वादाचे मर्म एका हिशेबाने कळेल. समजा, शेकडा ४० राखेचा १०० टन कोळसा धुतला आणि त्यातून ३४ टक्के राखेचा ७५ टन कोळसा हाती आला. त्यात २५.५ टन राख गेली. उरलेल्या २५ टन गाळसाळीत १४.५ टन राख राहिली; पण तिच्यासोबत जळण्याजोगा १०.५ टन भागही वाया गेला. तो वापरात आणावयाचा, तर खाणीजवळच निकृष्ट इंधन जाळू शकणाऱ्या खास भट्ट्या हव्यात.

तात्पर्य, धुलाईने राख नाहीशी होत नाही. ती कोठे राहावी, एवढेच ठरते. रेल्वेचा भार हलका होतो, दिल्लीच्या वाट्याची राख घटते, हे लाभ खरेच आहेत. परंतु दादरीची राखेची टेकडी राजधानीच्या नजरेसमोर आहे. खाणीजवळ साचणारा ढीग तिला दिसत नाही. श्रोत्यांनी धुलाईचा हिशेब मांडताना त्या ढिगाशेजारी राहणाऱ्या गावांचाही विचार करावयास हवा.